जुन्या इंग्रजी पॅटर्नवरून पांढरा पलंगपोस आणि लेस: शब्दांवर अडू नका, टाके मोजा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलीचं लग्न डिसेंबरमध्ये आहे, रुखवतात दोन सुयांवर विणलेला पांढरा पलंगपोस ठेवायचाय, त्यासाठी १८८० च्या दशकातल्या इंग्रजी पॅटर्नची स्कॅन केलेली पानं तुम्ही उतरवून घेतलीत, कोपऱ्यात फुगीर पान असलेला चौकोन, असे चार जोडले की मधे चार पाकळ्यांचं फूल होतं तो. अडलंय कुठे, तर ‘मेक वन’ (एक टाका वाढवा) ओळीच्या अगदी सुरुवातीला लिहिलंय आणि तिथे कुठला दोरा उचलायचा ते कळत नाही, पान अर्धं झालं की टाके जुळत नाहीत, ‘स्ट्रट्स कॉटन नंबर ८’ हे सूत पुण्यात कुठे मिळणार, आणि शेवटी लेस कोपऱ्यात कशी वळवायची. मी हे पलंगपोस वीसेक वर्षं विणतेय, चार पूर्ण झालेत, पाचवा सुईवर आहे, त्यामुळे जे सांगते ते हाताखालून गेलेलं आहे.

आधी मेक वन. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा. आजच्या पुस्तकांत मेक वन म्हणजे दोन टाक्यांच्या मधला आडवा दोरा उचलून पिळून विणायचा, भोक दिसत नाही. पण ओळीच्या सुरुवातीला मागे टाकाच नाही तर मधला दोरा येणार कुठून? म्हणजे लिहिणारीच्या मनात ते नव्हतंच. त्या काळात मेक वन म्हणजे दोरा पुढे आणून सुईवरून घ्यायचा, आपण ज्याला जाळीचा टाका म्हणतो तो. सुरुवातीला करताना दोरा सुईच्या पुढे ठेवायचा आणि तसाच पहिला टाका सुलट विणायचा, दोरा आपोआप सुईवर चढतो आणि एक सैल फास तयार होतो, पुढच्या ओळीत तिथे पोचलात की तो साधा सुलट विणायचा. तो सैल आहे म्हणून घट्ट ओढू नका हं, चौकोनाच्या कडेला हे जे फास राहतात त्यांच्यातूनच पुढे जोडणी होते.

बाकीचे शब्दही असेच. ‘सीम’ लिहिलं असेल तर शिवण नाही, उलट टाका. ‘पर्ल’चं स्पेलिंग मोत्याच्या पर्लसारखं दिसेल, तेही उलटच. ‘प्लेन’ म्हणजे सुलट, आणि काही जुन्या पुस्तकांत नुसता ‘पी’ म्हणजे प्लेन असतो, आजचा पी म्हणजे पर्ल, म्हणजे बरोब्बर उलटा अर्थ झाला. ‘नॅरो’ हा अमेरिकन पुस्तकांत सापडतो, म्हणजे दोन टाके एकत्र. ‘ओव्हर ट्वाइस’ म्हणजे दोरा दोनदा गुंडाळायचा आणि परत येताना त्या दोन वेढ्यांत एक सुलट एक उलट घालायचा, दोन्ही सुलट घातलेत तर दुसरा निसटतो. आणि ‘बॅक रो प्लेन’ दिसलं की मागची ओळपण सुलटच विणायची, सवयीने उलट विणू नका, मी पहिल्यांदा तेच केलं आणि अख्खी लेस गुंडाळली जायला लागली.

हे असं का, तर तेव्हा ठरलेली भाषाच नव्हती. छापील विणकामाची पुस्तकं इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये साधारण १८४० पासून धडाधड निघायला लागली, एडिंबराच्या जेन गॉगेन यांचं त्याच वर्षीचं, लंडनच्या मिस लॅम्बर्ट यांचं १८४३ चं, आणि प्रत्येकीने आपापल्या खुणा केल्या. ज्या बायका विकत घ्यायच्या त्यांना विणता येतच होतं, पुस्तक नुसतं आठवण करून द्यायला. आपल्या आजीने चकलीची कृती सांगताना ‘भाजणी नेहमीसारखी’ म्हणावं तसं. त्यात अक्षरं जुळवणारा छापखान्यातला माणूस विणणारा नव्हता, त्यामुळे एखादा मेक वन गळलेला, एखादी ओळच दोनदा आलेली, असं पुष्कळ. (अशी जुनी पुस्तकं हवी असतील तर साउदॅम्प्टन विद्यापीठाने विणकामाचा इतिहास लिहिणारे बिशप रिचर्ड रट यांच्या संग्रहातली स्कॅन करून ठेवलीत, फुकट बघता येतात. मला तिथूनच हा नाद लागला.)

म्हणून माझी एकच पद्धत. शब्दावर अडायचं नाही, प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके किती व्हायला हवेत ते विणायच्या आधी वहीत मांडायचं. तुमचा चौकोन घ्या. तो एका कोपऱ्यातून सुरू होतो, आणि दर ओळीच्या सुरुवातीला एक मेक वन आहे, म्हणजे नुसत्या कडेमुळे दर दोन ओळींना २ टाके वाढतात. पान मोठं होत असताना सुलट बाजूच्या ओळीत पानाच्या मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मेक वन येतो, म्हणजे आणखी २. तर पान वाढतंय तोपर्यंत दर दोन ओळींना ४ वाढले पाहिजेत: ३ वरून ७, ११, १५ असं. मग पान निमुळतं व्हायला लागतं, दोन्ही बाजूंनी दोन-दोन टाके एकत्र, म्हणजे पानातले २ कमी आणि कडेचे २ जास्त, बेरीज शून्य! इथेच तुमचा घोटाळा झालाय, मला जवळजवळ खात्री आहे. तुम्ही म्हणता ‘वीस ओळी झाल्या तरी टाके वाढतच नाहीत, काहीतरी चुकतंय’, आणि उसवलंत. चुकत नाहीये. पानाच्या त्या भागात टाके तेवढेच राहायला हवेत, पान आपले टाके बाजूच्या साध्या विणीला देत देत संपतं. पान संपलं की पुन्हा दर दोन ओळींना २, ते थेट कर्णापर्यंत, आणि कर्ण ओलांडला की दर ओळीला सुरुवातीचे दोन टाके एकत्र, म्हणजे उतरण. चार, शून्य, दोन, मग उणे दोन. हे चार आकडे डोक्यात बसले की पॅटर्नचा कागद बाजूला ठेवून सीरियल बघत विणता येतं, आणि छपाईत चूक असेल तर ज्या ओळीला आकडा हलतो तीच चुकीची ओळ, शोधत बसावं लागत नाही.

आता सूत. स्ट्रट ही डार्बिशायरमधल्या बेल्परची गिरणी, मूळ पुरुष जेडेडाया स्ट्रट, उभ्या रेषांचे पायमोजे विणायच्या यंत्राचं पेटंट १७५९ मध्ये घेणारा, म्हणजे घराणंच विणकामातलं. ते सूत आता शोधत बसू नका, ते कसं होतं तेवढं समजून घ्या. तुमचा पॅटर्न १८८० च्या दशकातला आहे. सुताला ती रेशमासारखी चकाकी आणणारं मर्सरायझिंग, जॉन मर्सरने प्रक्रिया शोधली १८४४ मध्ये, पण सूत ताणून धरून चकाकी आणायची युक्ती आली १८९० च्या सुमारास. म्हणजे तुमच्या पॅटर्नमधलं सूत चकाकणारं नव्हतंच, मॅट होतं. हे मी नुसतं इतिहास म्हणून सांगत नाहीये. या पलंगपोसाची सगळी मजा सावलीत आहे, पान वर येतं, बाजूला बारीक सावली पडते, पांढऱ्यावर पांढरं म्हणून ती दिसते. चमकणाऱ्या सुतात उजेड सगळीकडून परत येतो आणि पान सपाट दिसतं. क्रोशाला चकाकी छान दिसते, दुकानदार तेच पुढे करेल, तुम्ही साधं मॅट सूत मागा.

जाडी कशी ठरवायची? सुताच्या काउंटचा, म्हणजे बारीकपणाच्या आकड्याचा, हिशोब सोपा आहे, एका पौंडात ८४० वाराच्या जितक्या लड्या तितका काउंट, आणि पदर असतील तर पदरांनी भागायचं. १० काउंटचे ६ पदर पिळलेले असतील तर ८४० गुणिले १० भागिले ६, म्हणजे पौंडाला १४०० वार, आपल्या हिशोबात १०० ग्रॅमला साधारण २८० मीटर. या कामाला मला हेच आवडतं. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला सुताच्या दुकानांतून विचारत फिरलात की कोनवर मिळतं, नाहीतर इचलकरंजी-सोलापूरकडे कुणी ओळखीचं असेल तर तिकडून मागवा. फक्त पदर एकत्र पिळलेले हवेत. २/२० चे (म्हणजे २० काउंटचे दोन पदर असलेले) सहा धागे नुसते एकत्र धरले तर हिशोबाने जाडी तीच येते, पण सुई एकातच घुसते, पाच बाहेर, आणि पलंगपोसावर हजार ठिकाणी फास लोंबतात.

सुया मात्र आपल्याकडे अगदी सोप्या, कारण आपल्या दुकानांत आजही जुने ब्रिटिश नंबरच चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. १४ नंबर म्हणजे २ मिमी, १३ म्हणजे सव्वादोन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकन नंबर याच्या उलटे जातात, त्यामुळे ऑनलाइन घेताना मिलिमीटर बघूनच घ्या. पॅटर्नमध्ये १४ आहे, पण वरच्या सुतावर १४ ने विणलंत तर पुठ्ठा होईल आणि मनगट जाईल. १२ ने सुरू करा, जाळी सैल वाटली तर १३.

सूत एकाच वेळी, एकाच लॉटचं, सगळं. हे मी ठासून सांगतेय कारण दुसऱ्या पलंगपोसाच्या वेळी मी निम्मं सूत जूनमध्ये आणि निम्मं दिवाळीनंतर एकाच दुकानातून घेतलं, ‘ताई तेच आहे’ म्हणाले, दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली मलापण सारखंच दिसलं. साठ चौकोन विणून झाल्यावर गच्चीत उन्हात पसरले तर निम्म्यांतून निळसर चमक, कारण दुसऱ्या लॉटला शुभ्रतेचं केमिकल मारलेलं होतं, उन्हातल्या अतिनील किरणांनी ते निळं उजळतं. नीळ घालून, धुऊन, काहीही करून ते एक झालं नाही, शेवटी दोन रंग बुद्धिबळासारखे आलटून पालटून लावले. तेव्हा दुकानातून कोन बाहेर रस्त्यावर आणून उन्हात बघायचे, लाज बाळगायची नाही.

किती लागेल? हे मी माझ्या हाताचे आकडे देते, तुमचे थोडे बदलतील. छोटा चौकोन धुतल्यानंतर १५ सेंमी, चारांचा मोठा ३० चा. २१० बाय २४० चा पलंगपोस म्हणजे मोठे ७ गुणिले ८, ५६, म्हणजे छोटे २२४. एका छोट्याला साधारण १२ ग्रॅम, म्हणजे २ किलो ७०० च्या आसपास, लेस दीडशे-दोनशे ग्रॅम, जोडणी, चुका, सव्वातीन किलो घ्या. वेळ एका चौकोनाला मला पावणेदोन तास लागतात. म्हणजे २२४ ला चारशे तासांच्या जरा खाली, शिवाय जोडणी आणि लेस. 

मग डिसेंबरचं काय? मनापासून सांगते, पूर्ण पलंगपोस डिसेंबरसाठी घेऊ नका. रोज एक चौकोन, एकही दिवस खाडा नाही, असं धरलं तरी साडेसात महिने, आणि लग्नघरात शेवटचे दोन महिने आमंत्रणं, खरेदी, केळवणं यात सुई हातात धरायला मिळत नाही. घाईत विणलेला चौकोन घट्ट होतो, निवांत विणलेला सैल, आणि ते एकमेकांना जोडताना रडू येतं. रुखवतासाठी दोन उशांचे अभ्रे करा, पुढच्या बाजूला मोठे चार-चार चौकोन, आणि एका चांगल्या जाड खादीच्या चादरीला विणलेली लेस. ते टेबलावर मांडल्यावर सगळ्यांचे हात तिकडेच जातील. पलंगपोस दिवाळसणाला द्या. लग्न डिसेंबरमध्ये म्हणजे पहिली दिवाळी पुढच्या वर्षीची, तुम्हाला सरळ दहा-अकरा महिने जास्त मिळतात आणि लेक-जावई घरी आलेले असताना पलंगावर अंथरून देण्यात जो आनंद आहे तो कार्यालयाच्या गर्दीत नाही. अभ्र्यांचे ३२ चौकोन विणून तुमचा हातही बसलेला असेल.

जोडणी. चौकोन आधी एकावर एक रचून बघा, पत्त्यांच्या कॅटसारखे, जो बाहेर डोकावतो तो बाजूला काढा. मग चार पानं मधे तोंड करून, कडेचे ते सैल फास एकमेकांसमोर येतात, एक या बाजूचा एक त्या बाजूचा असं त्याच सुताने शिवत जायचं, घट्ट ओढायचं नाही, शिवणीत एक जाळीची रेघ दिसली पाहिजे. मधल्या चार कोपऱ्यांतून मात्र दोरा दोनदा फिरवून गोळा करा, सगळा ताण तिथेच येतो. आधी सगळे मोठे चौकोन, मग त्यांच्या पट्ट्या, मग पट्ट्या एकमेकींना.

लेससाठी तुमच्या पुस्तकातली पानाफुलांची रुंद लेस आहे ती सुंदर आहे, पण चादरीला पहिली म्हणून ही साधी करा, आडवी विणली जाते, दात्यांची. ८ टाके घाला.
पहिली ओळ: १ टाका न विणता उचला, १ सुलट, दोरा सुईवर, २ एकत्र, २ सुलट, दोरा सुईवर, २ सुलट. ९ झाले.
दुसरी, चौथी आणि सहावी ओळ पूर्ण सुलट.
तिसरी पहिलीसारखीच, फक्त मधले २ सुलट आहेत तिथे ३. १० झाले. पाचवीत तिथे ४, ११ झाले. सातवीत ५, १२ झाले.
आठवी: सुरुवातीचे ४ टाके बंद करा, उरलेले सुलट. पुन्हा ८.
एका दात्याला ८ ओळी. आठव्या ओळीला ८ उरले नाहीत तर पुढे जाऊच नका, मागच्या दात्यात कुठेतरी दोरा सुईवर घ्यायचा राहिलाय.

माझ्या हाताने एक दाता दीड सेंमीचा होतो. लेस तीनच बाजूंना लावतात, उशीकडची बाजू साधी ठेवतात, म्हणजे २४० अधिक २१० अधिक २४०, ६९० सेंमी, ४६० दाते. आणि वळवायचे कोपरेही दोनच.

कोपऱ्याला काहीजणी अर्ध्या ओळी विणून तिरपी घडी काढतात, बारीक लेसला त्याची गरज नाही. लेसची बाहेरची कड आतल्यापेक्षा जास्त अंतर चालते एवढंच समजून घ्यायचं. गोल वळायचं तर रुंदीच्या साधारण दीडपट, टोकदार चौकोनी कोपरा हवा तर दुप्पट जास्तीची लांबी लागते. ही लेस टोकापर्यंत साधारण पाच सेंमी रुंद, म्हणून मी प्रत्येक कोपऱ्याला ५ दाते जादा विणते आणि तेवढी आतली कड सुईने चुणून एका जागी गोळा करते. कोपरा जमिनीवर सपाट बसतो का ते बघा, वाटीसारखा वर उचलला तर दाते कमी पडले, लाटा आल्या तर जास्त झाले. सगळी लेस विणून बंद करायच्या आधी टाचण्यांनी लावून बघायची, टाके सुईवरच ठेवायचे, शेवटी दोन-चार दाते नेहमी वाढवावे किंवा उसवावे लागतात. लेस कापडावर थेट विणत जाता येते तसं, पण मी वेगळी विणून शिवते, कारण पलंगाच्या पायथ्याशी सगळ्यात आधी तीच फाटते आणि तेव्हा ती एकटी काढून नवीन लावता येते.

पहिला चौकोन झाला की गरम पाण्यात, ज्या साबणाने पुढे धुणार त्याच साबणाने धुवा, वाळवा, मगच मोजा. सूत आखडतं, उभ्यात जास्त. वर मी १५ सेंमी म्हटलं ते धुतल्यानंतरचं आहे, सुईवरून उतरतो तेव्हा माझा चौकोन चांगला १६ भरतो, आणि हे आधी न बघता अख्खा पलंगपोस विणून पहिल्या धुण्यात तो गादीच्या बाहेर येईनासा झालेला मी एका मैत्रिणीकडे पाहिलाय.

पूर्ण झालेला पलंगपोस ओला झाला की दोघींना उचलावा लागतो. दोरीवर कधीच टाकायचा नाही, स्वतःच्या वजनाने लांब होतो तो परत येत नाही. गच्चीत जुनी साडी अंथरून त्यावर पसरायचा, हाताने चौकोन चौकोन सरळ करायचे, पानं बोटाने वर उचलायची. एप्रिल-मेच्या उन्हात संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतो. जूनपासून पावसाळा संपेपर्यंत धुवायचाच नाही, आतून दमट राहिला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात. आणि ठेवताना खळ अजिबात नको, खळीला कसर लागते, प्लास्टिकच्या पिशवीतपण नको, जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीच्या रेषेवर सूत पिवळं पडून तिथेच तुटतं.